नाव संगमेश्वरचं, कचेरी देवरुखची

संगमेश्वर तालुक्याची कचेरी संगमेश्वरात नाही. उत्पन्नाचा दाखला हवा असो, फेरफाराची नक्कल हवी असो की तहसीलदारांपुढे तारीख असो, संगमेश्वरच्या माणसाला एसटी धरून सतरा-अठरा किलोमीटरवरच्या देवरुखला जावं लागतं. तालुक्याला नाव आमचं आणि खुर्ची त्यांची. बरं, ज्या बाजारपेठेला सगळे संगमेश्वर म्हणतात, तिची ग्रामपंचायत नावडीची. कसब्याची वेगळी. नदीपलीकडे माभळे, तो कारभार तिसराच. रेल्वे आली तिनेही स्टेशनाला सरळ संगमेश्वर म्हटलं नाही, ‘संगमेश्वर रोड’ म्हटलं. म्हणजे नाव सर्वांनी घेतलं आणि गाव मात्र कागदावर कुणाच्याच वाट्याला पुरतं आलं नाही.

आमच्या घरात हा विषय निघाला की पानावरचा भात गार होई. आबा, म्हणजे माझे आजोबा, संगमेश्वरच्या पेठेतले. आजीचं माहेर देवरुख. “कचेरी आमच्याकडे उगीच नाही आली. तुमच्याकडे काय, गाळ नि डास,” असं आजी म्हणे. त्यावर आबा काही बोलत नसत, नुसती सुपारी कातरत. मग केव्हातरी रात्री ओटीवर बसून आम्हा पोरांना त्यांची बाजू सांगत. त्या बाजूला सुरुवात नेहमी गलबतांपासून असे.

शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या संगमेश्वरला भेटतात. वरच्या अंगाला कसब्यात अलकनंदा आणि वरुणा शास्त्रीला येऊन मिळतात. पुढे हे सगळं पाणी खाडी होऊन जयगडला समुद्राला जातं. आबांच्या आजोबांच्या लहानपणी जयगडहून निघालेलं मोठं गलबत भरती साधून थेट संगमेश्वरच्या धक्क्याला लागत असे. मीठ, नारळ, सुकी मासळी, मुंबईचं कापड उतरे. घाटावरून बैलांच्या पाठीवर गोण्या येत. गूळ, तंबाखू, कडधान्यं. बैल इथे मोकळे होत, गलबत इथे भरलं जाई. आबा म्हणत, “गाव कशानं झालं? बैलाला पुढे पाणी लागलं आणि गलबताला पुढे खडक लागला, म्हणून झालं.” मला वाटतं, संगमेश्वरचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. ही वाहन बदलायची जागा. इथवर जे ज्या वाहनाने आलं, ते इथून पुढे दुसऱ्याने गेलं.

असं गाव हाती असावं असं कोणाला वाटणार नाही? पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गावान इतकी मोठी फौज घेऊन या दरडींत उतरला, तो खेळण्याच्या आणि संगमेश्वरच्या राजांना वठणीवर आणण्यासाठी. खेळणा म्हणजे पुढचा विशाळगड. घाटवाटा ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे बंदराचं नाक दाबायची सोय. पुढे १६६१ साली शिवाजी महाराज कोकणात उतरले, तेव्हा संगमेश्वरला तानाजी मालुसऱ्यांना ठेवून पुढे गेले. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री छापा घातला. बरोबरचे पिलाजी सरनाईक पळू लागले, तेव्हा तानाजींनी त्यांना धरून दगडाला बांधलं आणि लढाई जिंकली, ही हकिकत परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. आमच्या आजीला ही गोष्ट भारी आवडे. आबा दुकानाची वसुली टाळून झोपाळ्यावर बसले की ती म्हणे, “बांधायला हवंय तुम्हाला खांबाला.”

कसब्याचं कर्णेश्वर मी पहिल्यांदा पाहिलं तेही आबांचं बोट धरून. काळ्या दगडाचं देऊळ, आत शिरताना एकदम गार वाटतं. छताकडे मान वर करून पाहावं तर दगडात एवढं बारीक कोरीवकाम की मान अवघडते. कोल्हापूरच्या कर्ण नावाच्या चालुक्य राजाने इथे राजधानी करून देवळं बांधली, अशी परंपरेची नोंद आहे. आज उभं आहे ते बांधकाम घडणीवरून अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं मानतात. गावातल्या बायकांना हे काही मान्य नाही. त्यांच्या मते पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून काम टाकून निघून गेले. कोकणातली निम्मी जुनी देवळं पांडवांनी अशीच घाईत बांधलेली आहेत. मला या कथेतला कोंबडा महत्त्वाचा वाटतो. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचं खापर फोडायला प्रत्येक गावाला एक कोंबडा लागतो. संगमेश्वरचा कोंबडा म्हणजे गाळ.

गाळाची हकिकत आबांपेक्षा नीट सांगत ते कसब्याचे चाचा. पेठ आणि कसबा यांच्यात जाणंयेणं रोजचं. कसब्यात कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आणि समुद्राशी त्यांचं नातं जुनं. चाचांच्या घराण्यात पूर्वी मचवा होता, तांडेलकी होती. स्वतः चाचांनी उमेदीची वर्षं बोटीवर काढली आणि म्हातारपणी आबांच्या दुकानाच्या फळीवर. खाडीचं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं. कुठे किती वाव पाणी, कुठे रेतीचा दांडा, कुठल्या पाषाणाला वळसा घालायचा, हे ते हिशोब सांगावा तसं सांगत. “पाणी गेलं नाय, पाणी हाय तिथंच हाय. तळ वर आला,” हे त्यांचं म्हणणं. वरच्या डोंगरांवरची झाडी तुटली, उतारावर नाचणी-वरीसाठी दर काही वर्षांनी नवी जमीन भाजून मोकळी केली गेली, आणि सह्याद्रीचा पाऊस ती सुटी माती घेऊन खाली आला. दर पावसाळ्याला थोडी थोडी. गलबतं आधी भरतीची वाट पाहू लागली, मग उधाणाची, मग खाली फुणगूसच्या बाजूलाच थांबू लागली. तिथून पुढे लहान होड्या. १८८० साली इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही मोठी जहाजं आता संगमेश्वरापर्यंत पोचत नाहीत, कैक मैल खाली राहतात, असं लिहून ठेवलेलं आहे. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी गॅझेटियर आणि चाचा यांच्यात मला कधी फरक सापडला नाही.

पण गाळ हा अर्धाच कोंबडा, असं माझं मत आहे. दुसरा अर्धा म्हणजे बैलगाडीचे रस्ते. पाठीवर गोणी घेतलेला बैल कुठल्याही पाऊलवाटेने घाट उतरतो. कुंडीची वाट, माळ्याची वाट, अशा अनेक वाटा संगमेश्वरकडे येत. गाडीला मात्र बांधलेला रस्ता लागतो. एकोणिसाव्या शतकात सरकारने गाडीरस्ते केले ते उत्तरेला कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे आणि दक्षिणेला आंबा घाटातून रत्नागिरीकडे. संगमेश्वर बरोबर मधे राहिलं. कराडचा माल चिपळूणला, कोल्हापूरचा रत्नागिरीला. नदी खोल राहिली असती तरी तिच्या धक्क्यावर भरायला माल कुठून आला असता?

त्याच शतकाच्या उत्तरार्धात कचेरीही देवरुखला गेली. कचेरी जाते म्हणजे नुसते मामलेदार आणि दप्तर जात नाही. वकील जातो, अर्ज लिहून देणारा जातो, स्टॅम्प विकणारा जातो, तारखेला आलेल्यांना जेवू घालणारी खाणावळ जाते. तारखेच्या निमित्ताने गावात येऊन चार पैशांची खरेदी करणारा कुळवाडी जातो, तो तर सगळ्यात मोठा तोटा. आबांच्या वडिलांनी दुकान सांभाळलं ते या उतरणीच्या काळात. घरात एक जुनी मोडी वही होती. तिच्या सुरुवातीच्या पानांवर जयगड, मुंबई इथल्या पेढ्यांची खाती, आणि शेवटच्या पानांवर आसपासच्या वाड्यांतली, आठवड्याची, तेल-मिठाची उधारी. आबा ती वही गणपतीत बाहेर काढत, पुसत आणि परत ठेवत. वाचून दाखवत नसत.

देवरुखचीही बाजू सांगायला हवी, नाहीतर आजी स्वर्गातून चमचा फेकून मारेल. देवरुख उंचावर, हवा बरी, पुराची भीती नाही. ग्रामदेवता सोळजाईचं देऊळ. सतरा-अठरा किलोमीटरवर मारळच्या डोंगरातलं मार्लेश्वर, आणि दर मकरसंक्रांतीला तिथे लागणारं देवाचं लग्न. नवरी साखरप्याची गिरिजाई. आजी हे लग्न एखाद्या नात्यातल्या कार्यासारखं सांगे. मानपान कोणाचे, पालख्या कुठून निघतात, कोण रुसलं, कोणाची समजूत कशी काढली. खोबऱ्याच्या वाटीची किंमत वर्षावर्षाने कशी वाढली, हेही तिच्याकडे पाठ.

आणि मावशी हळबे. इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली देवरुखला मातृमंदिर सुरू केलं, ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. त्याआधी अडलेली बाळंतीण म्हणजे डोली, कंदील आणि नवस, याच्यापलीकडे आमच्या भागात काही नव्हतं. आमच्या घरातली एक काकू त्याच सुमाराला अडली होती. तिला डोलीतून देवरुखला नेलं आणि ती बाळासकट परत आली. त्या दिवसापासून आबांनी देवरुखला नावं ठेवणं बंद केलं. कचेरी गेल्याचं दुःख राहिलं, पण ते फक्त कचेरीपुरतं. एखादं गाव तालुक्याचं गाव कधी होतं, याचं माझं उत्तर त्या काकूच्या हकिकतीत आहे. सरकारने दप्तर ठेवलं म्हणून लोक देवरुखला नाइलाजाने गेले. मावशींनी खाटा टाकल्यावर आपण होऊन गेले.

पुरुष मात्र दोन्ही गावांतून मुंबईलाच गेले. गिरणीत, गोदीत, खाणावळीत. पूर्वी होडीने खाडी उतरून जयगड, तिथून आगबोट. पुढे एसटी झाली आणि रात्रीच्या गाडीत उलट्या करत सकाळी परळ. मनिऑर्डर आली की पेठेत उधारी फिटे. म्हणजे घाटाचा आणि बंदराचा व्यापार गेल्यावर ही पेठ जगली ती मुंबईतल्या गिरण्यांच्या भोंग्यावर. हे कोणी पाटीवर लिहीत नाही. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी परत येत, तेव्हा गाव दोन आठवडे पूर्ण भरे. पालख्या नाचत, नमन-खेळे उभे राहत, रात्रभर जाखडी चाले. सोंगं आमच्या संगमेश्वरी बोलीत बोलत. आजी देवरुखची असूनही त्या बोलीला हसायची नाही, कारण तीही भांडताना तीच बोलायची. आता ‘कोकणचा साज, संगमेश्वरी बाज’ नावाचा कार्यक्रम रंगमंचावर होतो, मुंबईतले लोक तिकीट काढून ती बोली ऐकतात. आमच्या शाळेत त्याच बोलीबद्दल छडी बसत असे.

शाळेवरून आठवलं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं घराणं मूळचं आमच्याच तालुक्यातल्या मावळंग्याचं. मास्तर हे दर पंधरा ऑगस्टला सांगत. आम्हाला तेव्हा अध्यक्षापेक्षा भाषणानंतरच्या बुंदीत रस होता.

पूर हा आमच्या पेठेचा, म्हणजे रामपेठेचा, दरवर्षीचा पाहुणा. शास्त्री फुगली आणि त्याच वेळी खाडीत उधाणाची भरती असली की पाणी उतरायला जागाच नसते. ते पेठेत शिरतं. आमच्या दुकानाच्या दाराच्या चौकटीवर आबांनी खिळ्याने रेघा मारल्या होत्या. कुठल्या साली पाणी कुठवर. पहिली रेघ ओलांडली की साखर माळ्यावर, दुसरी ओलांडली की तांदूळ, तिसऱ्या रेघेला आजी देव उचलायची. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल. तो काढताना चाचा दारात उभे राहून म्हणत, “ह्योच तो. वरून आलेला.”

कोयनेचा भूकंप मात्र कोणालाच मोजता आला नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सह्याद्रीच्या पलीकडे कोयनानगर, अलीकडे आम्ही. घरातली सगळी मोठी माणसं पुढे कित्येक वर्षं काळ त्यावरून मोजत. “तू भूकंपाच्या आधीचा की नंतरचा?” असं विचारत. कौलं सरकली, भिंतींना भेगा पडल्या, माणसं अंगणात थंडीत कुडकुडत बसली. आमच्याकडे त्या भेगा नंतर गिलाव्याने बुजवल्या, तरी पावसाळ्यात त्यांची ओल वर येई.

आता ज्या एका गोष्टीमुळे महाराष्ट्राला संगमेश्वर माहीत आहे, ती गोष्ट. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराज इथे मोगलांच्या हाती सापडले. बरोबर कवी कलश. कोल्हापूरकडून मुकर्रबखान घाट उतरून आला, तो कोणाला कळायच्या आत. मराठी परंपरेप्रमाणे म्हाळोजी घोरपडे इथेच लढता लढता पडले. कैद्यांना घेऊन खान त्याच डोंगरांतून वर निघून गेला आणि ११ मार्चला महाराजांची हत्या झाली. या प्रसंगाची जागा म्हणून कसब्यातला सरदेसायांचा वाडा लोक शोधत येतात. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला, तेव्हा तर गाड्यांची रांग लागली. पुढच्याच महिन्यात राज्याच्या अर्थसंकल्पात इथल्या भव्य स्मारकाची घोषणा झाली.

आमच्या लहानपणी ही गोष्ट मोठ्याने सांगितली जात नसे. आबा ती सांगताना आवाज खाली आणत, जणू काल घडलंय आणि गावाची काही चूक होती. खान कुठल्या घाटाने उतरला यावर आबा आणि चाचांचे वाद होत. एकाचं म्हणणं आंबा, दुसऱ्याचं म्हणणं त्याहून आडवाट. फितुरी कोणाची, हा प्रश्न मात्र दोघेही टाळत. आजूबाजूच्या वाड्यांत ज्यांची नावं घेतली जातात त्यांचे वंशज राहतात, त्यांच्याशी रोजची देवघेव, आणि पुरावा म्हणावा तसा कोणाकडे नाही. न बोलण्यातलं ते शहाणपण मला आजच्या चढ्या आवाजापेक्षा बरं वाटतं.

आबांचा प्रश्न वेगळाच असे. “राजा इथं थांबला कशासाठी?” उत्तरं पुष्कळ दिली जातात. निवाडे होते, विसावा होता, निघायला उशीर झाला. मला नकाशा पाहिला की वाटतं, विशाळगडाकडून रायगडाकडे जाणाऱ्याने थांबायचं तर इथेच. शृंगारपूर जवळ, तिथे महाराजांनी तरुणपणी वास्तव्य केलेलं, महाराणी येसूबाईंच्या माहेरचा तो मुलूख. मागे प्रचितगड, पुढे नदीची वाट. सगळ्यांनी जिथे वाहन बदललं, जिथे बैल सोडले आणि गलबत धरलं, तिथेच राजाचाही मुक्काम पडला. ज्या सोयीने गाव मोठं झालं, तीच सोय खानाच्याही कामी आली.

गंमत म्हणजे वाहन बदलायचं काम गावाने अजून सोडलेलं नाही. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आज मुंबईहून आलेला देवरुखचा माणूस संगमेश्वर रोडला उतरून रिक्षा किंवा एसटी धरतो. जास्त गाड्या थांबाव्यात म्हणून इथल्या लोकांनी आंदोलनं केली, ती मला अगदी आबांच्या वळणाची वाटली. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आरवलीपासून कांटेपर्यंत वर्षानुवर्षं रखडलं आणि पेठेने धूळ आणि चिखल आलटून पालटून खाल्ला. रस्ता पुरा झाला की गाड्या न थांबता निघून जातील अशी भीती काही दुकानदारांना आहे. ती खोटी नाही. कुंभार्ली आणि आंबा घाटांच्या रस्त्यांनी एकदा ते करून दाखवलेलं आहे.

स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण त्यात एक खोली या गावाच्या रोजच्या जगण्याला मिळावी, एवढी मागणी मला करायची आहे. खाडीच्या खोलीची मोजमापं, घाटवाटांचा नकाशा, तांडेलांच्या आठवणी, पुराच्या रेघा, मुंबईच्या मनिऑर्डरींच्या पावत्या. आमच्या घरची मोडी वही वाळवीने अर्धी खाल्ली, उरलेली मी द्यायला तयार आहे. नावडी, कसबा, माभळे, फुणगूस, माखजन इथे अजून अशा वह्या माळ्यांवर असतील आणि त्या वाचून अर्थ सांगू शकणारी नव्वदीची चार माणसंही असतील. ज्यांच्या घरी असतील त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी त्या खाली काढाव्यात.